आधी बैठक, मग स्प्रिंगा

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा घरगुती स्वरूपाची असतात. शिवणयंत्राचा दोरा वारंवार का तुटतो, विहिरीवरचा पंप पाणी का सोडतो, मिक्सरच्या भांड्याखालून काळे तेल का झिरपते, अशा प्रश्नांची उत्तरे देण्यात आमचे महिने सरतात. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मात्र खैरलांजीहून आलेल्या एका पत्राने आम्हांस खुर्चीवरून उठविले आणि वारासिवनीमार्गे जाणाऱ्या बसमध्ये नेऊन बसविले. खैरलांजी म्हणजे आपल्या बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे गाव, वैनगंगा-बावनथडीच्या धानपट्ट्यातले. भंडारा जिल्ह्यातील ज्या खैरलांजीचे नाव २००६ साली साऱ्या देशाने विषण्ण मनाने ऐकले, ती निराळी.

पत्रलेखक निवृत्त शिक्षक. अक्षर मोत्यासारखे, मजकूर मोजका. त्यांचा मुलगा आय.टी.आय. झालेला, पंप व मळणीयंत्रे दुरुस्त करण्याचे त्याचे छोटे दुकान. गेली दीड वर्षे तो परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटार बांधीत आहे. भंगारात काढलेल्या दोन मारुती ८०० त्याने विकत घेतल्या. एकीचा पुढचा भाग पुढे वापरला, दुसरीचा पुढचा भाग इंजिनासकट मागे बसविला आणि मधला सांगाडा चौकोनी पोलादी नळ्या जोडून स्वतः तयार केला. आसने दोन, छप्पर नाही. गाडी सुरू होते, धावते. परंतु ब्रेक दाबला की उजवीकडे ओढते आणि खडबडीत जागी मागून शेपूट हालविल्यासारखी करते. एवढे सांगून झाल्यावर गुरुजींनी शेवटी लिहिले होते, “मला यंत्रातले काही कळत नाही. मी त्याला थांबवावे की मदत करावी, एवढेच सांगा.”

अशा पत्राला टपालाने उत्तर देता येत नाही.

मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा, बोलण्यास संकोची, पण गाडीवरचे फडके काढताच मोकळा झाला. त्याचे सांधकाम पाहून आम्ही मनातल्या मनात शाबासकी दिली. वेल्डिंगची ओळ सलग व एकसारखी उतरणे ही हाताची पुण्याई असते. ब्रेकच्या दोषापायी त्याने दोन महिने घालविले होते. पुढचे ब्रेक-पॅड बदलले, नळ्या बदलल्या, तेल बदलले, मुख्य सिलिंडरदेखील बदलला. ओढ तशीच. “काकाजी, आता बदलायला काही उरलंच नाही,” असे तो म्हणाला तेव्हा त्याची बहीण दारातून हळूच म्हणाली, “दादालाच बदलून पाहायचं राहिलंय.” ही मुलगी कॉलेजात शिकते आणि भावाच्या साऱ्या मोजमापांची वही तीच ठेवते. तिने ते थट्टेने म्हटले, पण दोषाच्या मुळाशी तीच सर्वांआधी पोहोचली होती, असे पुढे दिसून आले.

मालमोटारीत चालकाचे वजन हिशेबात धरण्याचे कारण नसते. सोळा टनांच्या गाडीत बासष्ट किलोंचा माणूस चढला काय आणि उतरला काय. या मुलाच्या गाडीचे वजन मात्र ५२० किलो भरले, आणि तो स्वतः ६२ किलोंचा. म्हणजे गाडीच्या जवळजवळ आठव्या हिश्शाइतके ओझे तो स्वतःच, आणि तेही मध्यावर नव्हे, उजव्या कडेला. बैलगाडी हाकणाऱ्याला हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. माल मागे अधिक झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याखालची जोती काचू लागतात. पुढे अधिक झाला की सारा भार मानेवर येतो. मग गाडीवान स्वतःच थोडा पुढे किंवा मागे सरकून बसतो. शंकरपटातल्या हलक्या गाडीत तर हाकणाऱ्याची बसण्याची जागा हाच अर्धा विजय. मोटारीत मात्र एकदा आसन ठोकले की चालकाला सरकता येत नाही. यास्तव तो कोठे व कसा बसणार हे आधी ठरवावे आणि त्याला तेथे बसवूनच स्प्रिंगा जुळवाव्या. आमच्या मित्राने नेमके उलटे केले होते. रिकामी गाडी त्याने चारी बाजूंनी मोजून समपातळीत उभी केली आणि मग तो आत जाऊन बसला.

बैठकीचीही कथा ऐकण्यासारखी आहे. शर्यतीच्या मोटारींची चित्रे पाहून त्याने आसन जवळजवळ उताणे केले होते. या प्रथेचे श्रेय बव्हंशी कॉलिन चॅपमन या इंग्रज रचनाकाराकडे जाते. वाऱ्याला अडथळा कमी व्हावा म्हणून १९६२ च्या लोटस २५ या गाडीत त्याने चालकाला निजविल्यासारखेच बसविले, आणि पुढल्याच वर्षी जिम क्लार्क त्या गाडीत बसून जगज्जेता ठरला. परंतु क्लार्कच्या वाटेत शेताचा बांध, म्हैस किंवा अंगणात वाळत घातलेले धान येत नसे. आम्ही त्या आसनात बसून पाहिले तेव्हा पुढची जमीन आठ-नऊ पावलांपर्यंत दिसेचना.

आम्ही आसन काढावयास लावले. शेडच्या भिंतीशी एक पाट, पाठीला तिरपी फळी आणि पायांशी विटा रचून पेडलांची जागा, अशी खोटी मोटार जमिनीवर मांडली. स्टिअरिंग म्हणून वहिनींनी जेवणाचे ताट दिले, पण ते सांभाळून वापरण्याच्या अटीवर. कंबर अगदी मागे टेकवून बसावे. ब्रेकची वीट तळपायाने पुरती दाबली तरी गुडघा किंचित वाकलेलाच राहावा. सरळ ताठ झालेला पाय जोर देऊ शकत नाही, आणि अपघाताचा धक्का त्याच्यातून थेट कमरेच्या सांध्यात जातो. खांदे पाठीच्या फळीला टेकलेले असताना मनगट ताटाच्या वरच्या काठावर सहज टेकावे; म्हणजे हाताचा तळवा काठावर आल्यावर कोपर पुरेसे वाकलेले राहते. मांडीखाली आसनाचा आधार असावा, पण गुडघ्यामागे दोन बोटांची फट हवी. आणि असे दोन मिनिटे नव्हे, अर्धा तास बसावे. अंग खोटे बोलत नाही, मात्र खरे बोलायला वेळ घेते. विसाव्या मिनिटाला मुलाने स्वतःच पाठीची फळी चार बोटे उभी केली.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानी आली, ती म्हणजे चपला. तो चपला घालून गाडी चालवीत असे. अरुंद पायगाडग्यात तीन पेडले जवळजवळ. चपलेचा पुढचा सैल भाग ब्रेकखाली अडकणे मुळीच अवघड नाही. वाचकांपैकी जे कोणी मोटार चालवितात त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, मोटार कारखान्यातून आलेली असली तरीही.

स्टिअरिंगचा दांडा त्याने सरळसोट ठेवला होता, समोरून थेट छातीकडे येणारा. पुढून धडक बसली तर तो भाल्यासारखा मागे येईल. मधे दोन फिरते सांधे घालून दांड्याला बाक दिला, तर धक्क्यात तो मुडपतो. जुन्या मारुतीचे सांधे शेडमध्ये पडूनच होते.

यानंतर आम्ही पट्टा पाहिला. पट्टा चांगला होता. तो ज्या ठिकाणी बोल्टने अडकविला होता ती जागा मात्र केवळ पत्र्याची होती, मागे एक लहानसा वॉशर. आम्ही सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. तरी आसनाच्या चौकटीला पाय लावून दोन्ही हातांनी पट्टा खेचला तेव्हा पत्रा फुगून पुढे आला आणि बोल्टभोवती चीर पडली. गुरुजी शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला. मुलाचा चेहरा उतरला. धडकेच्या क्षणी पट्ट्यावर माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ येते. म्हणून त्याचे बोल्ट सांगाड्याच्या नळीशी वेल्ड केलेल्या जाड पोलादी पट्टीतच हवेत. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, नितंबाच्या हाडांवर यावा आणि त्याची ओढ तिरपी खाली-मागे असावी. खांद्यावरचे पट्टे खांद्याच्या पातळीतून मागे जावेत. ते पाठीमागून फार खाली बांधले तर धक्क्याच्या वेळी पाठीचा कणाच दाबला जातो, आणि त्याने ते आसनाच्या तळाशी बांधले होते.

त्या रात्री जेवताना फारसे कोणी बोलेना. ताटात चिन्नोर तांदळाचा भात होता. या तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे गुरुजींनी अभिमानाने सांगितले आणि पुन्हा गप्प झाले. मग एकाएकी त्यांनी विचारले, “असे घरी बसून मोटारी कोणी केल्या आहेत का हो? की हा एकटाच?”

आम्ही त्यांना इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची हकीकत सांगितली. दुसरे महायुद्ध संपत असताना त्यांनी सामान्य माणसासाठी छोटी मोटार करण्याचे मनावर घेतले आणि १९४९ साली पहिली दोन आसनांची गाडी उभी केली. तिचे नाव मीरा. पुढली पंचवीसएक वर्षे ते तिच्या नवनव्या आवृत्त्या करीत राहिले. कारखाना काढण्याची परवानगी काही मिळाली नाही आणि मीरा बाजारात आली नाही. परंतु आमच्या आजच्या विषयाशी तिचा संबंध असा की, तिच्यात पोलादी स्प्रिंगांऐवजी रबर वापरले होते.

रबर का? पोलादी स्प्रिंग जितकी दाबावी तितक्याच प्रमाणात बसते. हलक्या गाडीत एकाच्या जागी चार माणसे बसली की ती भलतीच खाली बसते. आणि चौघांसाठी ती कडक केली तर एकट्याला हाडे मोजावयास लावते. रबर मात्र जसजसे दाबावे तसतसे अधिकाधिक कडक होत जाते. गाडी लहान आणि त्या मानाने माणूस जड, या दुखण्यावर ते चांगले औषध. इंग्लंडमध्ये अॅलेक इसिगोनिस यांनी हाच मार्ग धरला. तरुणपणी, १९३० च्या दशकात, जॉर्ज डाउसन या मित्राच्या साहाय्याने त्यांनी घरच्या घरी हातांनी शर्यतीची एक हलकी गाडी बांधली होती; तिलाही रबराच्याच स्प्रिंगा होत्या. पुढे १९५९ साली त्यांची ‘मिनी’ ही मोटार आली, तिच्यात अॅलेक्स मोल्टन यांनी तयार केलेले रबराचे शंकू होते. इचलकरंजी आणि इंग्लंड, दोन्हीकडे प्रश्न तोच, आणि उत्तरही एकाच पदार्थात सापडले. मिनीत चालकाची बैठक मात्र कुप्रसिद्ध होती. स्टिअरिंग बससारखे आडवे, पाठ ताठ. चालक थोडा अवघडलेला असला म्हणजे सावध राहतो, असे इसिगोनिस यांचे मत होते म्हणतात. आम्हांस ते मुळीच मान्य नाही. अवघडलेला माणूस सावध राहत नाही, चिडतो.

चॅपमनचीही सुरुवात अशीच. १९४८ साली त्याने पहिली गाडी बांधली ती भावी पत्नीच्या माहेरच्या घरामागील गॅरेजमध्ये, एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर. १९५७ साली त्याने लोटस सेव्हन काढली व ती सुट्या भागांच्या रूपात विकली, कारण सुट्या भागांवर ब्रिटनमध्ये विक्रीचा जबर कर बसत नसे. तेव्हापासून त्या देशात घरी मोटार जोडण्याची एक परंपराच पडली. १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या लेखकाने अवघ्या अडीचशे पौंडांत अशी गाडी कशी बांधावी याचे पुस्तक लिहिले आणि त्याच्या आधारे जगभर माणसांनी परसात नळ्या कापल्या. आपल्या मित्राच्या सांगाड्याचे मूळही कोठेतरी तेथेच.

गुरुजींनी सारे ऐकून घेतले व म्हणाले, “उद्या सकाळी पट्टीचं लोखंड मी घेऊन येतो.” त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना आमच्याकडून नको होते, असे आम्हांस वाटले.

दुसऱ्या दिवशी जुळवाजुळव. जागा मिळाली गावाबाहेरच्या, बंद पडलेल्या एका भातगिरणीच्या सिमेंटच्या आवारात, मालकाच्या परवानगीने. अशा कामाला सपाट जमीन हवी आणि डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन क्वचितच सपाट असते. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणून चार चाकांच्या चार जागा तपासल्या. एका कोपऱ्यात बोटभर उतार निघाला, तेथे पत्र्याचे तुकडे घातले. धानाच्या व्यापाऱ्याचा प्लॅटफॉर्म काटा आणला. काटा एकच, चाके चार. म्हणून काट्याच्या उंचीचे तीन लाकडी ठोकळे करून बाकीच्या चाकांखाली दिले आणि काटा पाळीपाळीने फिरविला. चालकाच्या जागी तांदळाची पोती. पन्नास किलो आसनावर, बारा किलो पायांच्या ठिकाणी. मुलगाच का बसू नये, असे कोणी विचारील. पण पान्हा त्याच्याच हातात होता.

बहिणीने वहीत आकडे लिहिले. पुढचे डावे चाक ९८ किलो, पुढचे उजवे १४६. मागचे डावे १७६, मागचे उजवे १६२. आता कर्णांची बेरीज करावी. पुढचे डावे व मागचे उजवे मिळून २६०. पुढचे उजवे व मागचे डावे मिळून ३२२. बासष्ट किलोंचा फरक. बाजेचा एक पाय आखूड असला की ती दोन समोरासमोरच्या पायांवर उभी राहते आणि तिसऱ्यावर डुगडुगते, तसेच हे. पुढचे डावे चाक हलके म्हणून ब्रेक दाबताच तेच आधी घसरे, उजवे जमीन धरून ठेवी, आणि गाडी उजवीकडे वळे. ब्रेक बिचारे निर्दोष होते. मुलाने आकड्यांकडे पाहिले, मग शेडमधल्या जुन्या ब्रेक-पॅडांच्या ढिगाची त्याला आठवण झाली असावी, कारण तो हसला.

येथे एक गोष्ट पुष्कळांना पटत नाही म्हणून सांगतो. स्प्रिंगची खालची वाटी फिरवून गाडीचा एक कोपरा वर-खाली करता येतो आणि त्याने कर्णाचे वजन बदलते. परंतु पुढच्या दोन चाकांची बेरीज किंवा डाव्या बाजूची बेरीज त्याने रतीभरही बदलत नाही. ती बदलायची तर वस्तूच हलवावी लागते. म्हणून आधी बारा किलोंची बॅटरी चालकाच्या बाजूने उचलून डावीकडे नेली, मग स्प्रिंगांना हात घातला. लेथवर आटे पाडून त्याने स्प्रिंगांखाली फिरत्या बाह्या बसविल्या होत्या, हे त्याचे शहाणपण येथे उपयोगी पडले. चार-पाच फेऱ्यांनंतर आकडे आले ते असे: पुढे ११८ व १२६, मागे १६६ व १७२. एक कर्ण २९०, दुसरा २९२. याहून बारीक जाण्याची गरज नव्हती.

उरली शेपूट. मारुती ८०० चा पुढचा भाग मागे बसविला की स्टिअरिंगने वळणारी चाके आता मागे येतात. ती वळू नयेत म्हणून त्यांचे दांडे सांगाड्याला पक्के बांधतात. त्याने बांधलेही होते, पण जेथे सोयीचे पडले तेथे. परिणाम असा की चाक खड्ड्यातून वर उचलले गेले की ते एका चापात फिरे, दांडा दुसऱ्या चापात फिरे, आणि दोहोंच्या भांडणात चाक थोडे आत किंवा बाहेर वळे. म्हणजे प्रत्येक खड्ड्यावर मागची चाके आपल्या मनाने स्टिअरिंग करीत होती. धोका मोठा, कारण पुढून चुकलेली गाडी चालकाला कळते, मागून चुकलेली कळेपर्यंत ती आडवी झालेली असते. हे तपासण्यास स्प्रिंग काढावी, चाकाच्या जागी सरळ फळी बांधावी, गाडीच्या लांबीला समांतर सुतळी ताणावी आणि जॅकने फळी हळूहळू वर-खाली करीत पुढच्या व मागच्या टोकाचे सुतळीपासूनचे अंतर मोजावे. बहिणीच्या वहीत दर दोन सेंटिमीटरला एक आकडा. दांड्याचे आतले टोक मूळ गाडीत जेथे होते त्याच उंचीवर व तितक्याच अंतरावर आणले आणि आकडे स्थिर झाले. या कामाला संध्याकाळ झाली.

चाकांचा बाकीचा कल सुतळी आणि ओळंब्यानेच पाहिला. कॅम्बर म्हणजे चाकाचे उभेपण, ते ओळंबा सांगतो. टो म्हणजे दोन चाकांची तोंडे किंचित एकमेकांकडे आहेत की दूर, ते सुतळी सांगते. कास्टर समजण्यासाठी सायकलचा पुढचा चिमटा आठवावा. तो तिरपा असतो म्हणूनच हात सोडूनही सायकल सरळ जाते. हे सगळे मोजताना पोती आसनावरच होती. कॅम्बर बदलला की टो बदलतो, म्हणून टो नेहमी शेवटी, आणि मग पुन्हा एकदा.

पुढच्या स्प्रिंगांबद्दल आमचा त्याच्याशी खरा वाद झाला. मूळ गाडीत त्या स्प्रिंगांवर इंजिन होते, येथे नाही. त्यामुळे पुढचा भाग उंच उभा राहिला. तो खाली आणण्यासाठी त्याने स्प्रिंगेचे दीड वेढे कापून टाकले. गॅरेजांत हे सर्रास करतात. परंतु वेढे कमी झाले की स्प्रिंग आखूड होते तशीच अधिक कडकही होते. हलक्या भागाला आधीच जड असलेली स्प्रिंग आणखी जड झाली. गाडीच्या ओझ्याने स्प्रिंग किती बसते त्यावरून हे कळते. पंचवीस सेंटिमीटर बसली तर गाडी सेकंदाला सुमारे एक हेलकावा घेते, सव्वासहा सेंटिमीटर बसली तर दोन. घरगुती मोटार एक ते दीडच्या आसपास असते, खेळाची गाडी दोनच्या जवळ शोभते. ही बसत होती फक्त चार सेंटिमीटर, म्हणजे अडीच हेलकावे. अशा गाडीचे चाक खडबडीत जमिनीवर टेकण्याऐवजी उडतच राहते, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक ना वळण. आमचे म्हणणे, दहा टक्के बारीक तारेची नवी स्प्रिंग स्प्रिंगा वळणाऱ्या कारखान्यातून करवून घ्यावी. तारेची जाडी चौथ्या घातात हिशेबात येते, त्यामुळे तेवढ्यानेच स्प्रिंग एकतृतीयांशाने मऊ होते. त्याचे म्हणणे, खर्च फार. गॅसच्या ज्योतीवर तापवून मऊ करू. तापविलेल्या स्प्रिंगेचे पाणी उतरते, ती मऊ होत नाही, खचते आणि एक दिवस तुटते. तो गप्प राहिला, पण पटले असे दिसले नाही. स्प्रिंगा वळून आल्याखेरीज गाडी आवाराबाहेर काढायची नाही, असे शेवटी गुरुजींनीच सांगितले.

गुरुजींची दुसरी शंका कायद्याची. ती खरी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीवाचून गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि नव्या नमुन्याच्या गाडीला १९८९ च्या नियमांप्रमाणे पुण्याच्या ए.आर.ए.आय. सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी करून घ्यावी लागते. परसातल्या एकाच गाडीसाठी हे आवाक्याबाहेरचे. तेव्हा ही गाडी गिरणीच्या आवारात, स्वतःच्या शेतात, फार तर कोठल्या शर्यतीच्या पट्ट्यावर चालावयाची. वारासिवनीच्या रस्त्यावर नाही. आपल्याच राज्यात इंदूरजवळ पीथमपूरला २००७ पासून इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या छोट्या गाड्यांच्या ‘बाहा’ स्पर्धा भरत आल्या आहेत. त्या विद्यार्थ्यांना जे प्राध्यापक व कार्यशाळा यांच्या आधाराने जमते, ते याने पंपांच्या दुकानात साधले, एवढे आम्ही त्याच्या वडिलांच्या कानावर घातले. मुलाच्या नाही, त्याला आधी स्प्रिंगा आणू द्या.

दिवाळीनंतर पत्र आले, या खेपेस बहिणीच्या अक्षरात. स्प्रिंगा वळून आल्या. पुढचा भाग आता सहा सेंटिमीटर बसतो. पट्ट्यांच्या पट्ट्या वेल्ड झाल्या, आणि त्या ओढून पाहण्याचे काम बाबांनी स्वतः केले, दोन्ही पाय लावून. गिरणीच्या आवारात वीस ब्रेक मारले, गाडी सुतात थांबते. आता प्रश्न असा की तिलाही गाडी चालवायची आहे. तिचे वजन शेहेचाळीस किलो, उंची भावापेक्षा वीतभर कमी. दादा म्हणतो, पाठीमागे उशी घे. तर चालेल का?

उशी चालणार नाही. धक्क्यात ती दबते आणि पट्टा ढिला पडतो. आसनाखाली सरकती पट्टी बसवावी, तिला दोन्ही बाजूंना कुलूप असावे, आणि कमरेचे पट्टे आसनाबरोबर सरकल्यावरही योग्य कोनात राहतात ना ते पाहावे. पाटावर अर्धा तास तिनेही बसावे. पोती सोळा किलोंनी कमी करून चारी चाके पुन्हा मोजावी आणि वहीत तिच्या नावाचे वेगळे पान करावे. दोघांच्या कर्णांत दहा-बारा किलोंपेक्षा अधिक फरक पडला नाही, तर स्प्रिंगांना हात लावू नये.